उभ्या गाडीच्या बाई

चालत्या गाडीकडे कुणीही बघतं. बाई उभ्या गाडीकडे बघत बसायच्या. चाकणच्या पुढे एखादा उंचसखल माळ शोधायचा, तिथे ती दांडगी गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं, किल्ली पर्समध्ये टाकायची आणि चार पावलांवर घडीची खुर्ची मांडून छत्री उघडून बसायचं. मग बाई आणि गाडी, दोघी एकमेकींसमोर गप्प. जाणारेयेणारे थांबायचे. एकदा एका दूधवाल्याने मोटारसायकल बाजूला घेऊन विचारलं, “बंद पडली का, ताई?”

“नाई हो. चांगली आहे.”

“मग कुणाची वाट बघताय?”

“तिचीच. काय करलालीय ते बघतेय.”

“ती तर नुसती उभी हाय.”

“हां, तेच,” बाई म्हणाल्या. दूधवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की घरी ह्यांचं कुणी आहे की नाही. मी गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून टेपने उंची मोजत होतो, त्यामुळे माझ्याकडूनही त्याला काही आशा उरली नसावी. तो निघून गेला.

आमच्या मोटारींच्या कंपनीत सगळ्या बायकांना मॅडम म्हणायची पद्धत. बाईंना ते चालायचं नाही. “मॅडम म्हटलं की मला वाटतं मागं दुसरंच कुणी उभं आहे,” असं त्या म्हणायच्या. म्हणून त्या बाई. मूळच्या लातूरकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या, लग्न न केलेल्या. साडी, पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट आणि वर पिवळंजर्द जाकीट, असा त्यांचा वेष. ब्लाउज स्वतः शिवायच्या. सुताच्या रिळासाठी पिंपरी कॅम्पात एकेका दुकानदाराशी त्या जे भांडायच्या, ते ऐकायला आम्ही हौसेने बरोबर जायचो. रागावल्या की लातूर बाहेर पडायचं, आणि हसू आलं की आधी दोन शिंका यायच्या. शिंक आली की आम्ही ओळखायचो, आता बाई हसणार.

मी कासारवाडीचा. वडील साताऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालो तेव्हा माझी कल्पना अशी, की गाड्यांची चाचणी म्हणजे धुरळा उडवत वळणं घ्यायची. मित्रांना तसं सांगूनही ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मला बाईंच्या हाताखाली दिलं आणि बाईंनी मला एक खुर्ची दिली.

“बस. गाडी उभी आहे. बघ.”

“काय बघू?”

“ते कळलं असतं तर बघायला कशाला लागलं असतं?”

अर्धी दुपार गेली. मला डुलकी लागायच्या बेतात होती, तेवढ्यात गाडीतून कुणीतरी दातांतून सोडावा तसा सुस्स आवाज आला आणि आमच्यासमोर ती आपोआप, सावकाश, वीतभर खाली बसली. आत कुणी नाही, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. मी ताडकन उठून उभा राहिलो. बाईंना दोन शिंका आल्या.

मग त्यांनी समजावलं. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर चार रबरी पिशव्या, आणि त्यांत दाबून भरलेली हवा. हवा भरली की गाडी उंच होते, सोडली की बुटकी. खडकाळ वाटेवर ती अंग उचलून घेते, चांगल्या रस्त्यावर खाली येते. पण गाडी बंद करून आपण निघून गेलो तरी ती पुरती झोपत नाही. थोड्याथोड्या वेळाने जागी होऊन आपले चारही कोपरे सारखे आहेत का ते तपासते. एक चाक धोंड्यावर असलं तर तो कोपरा दबलेला असतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद; नवी हवा भरून त्याला वर उचलता येत नाही. मग ती बाकीच्या तिघांतली हवा सोडते आणि सगळ्यांना त्या दबलेल्याच्या बरोबरीला आणून ठेवते.

“म्हणजे उभी गाडी फक्त खालीच जाऊ शकते,” मी म्हणालो.

“शहाणा आहेस,” बाई म्हणाल्या. “आता खाली काय असतं ते बघायला शिक.”

ही गाडी बाहेरच्या देशात बेतलेली होती. तिकडे म्हणे ती सपाट, आखलेल्या चौकोनात उभी राहायची. आपल्याकडे ती कुठे कुठे उभी राहील, याची बाईंनी कल्पना करून ठेवली होती आणि ती प्रत्येक जागा त्यांनी शोधून काढली. ताथवड्यात नवीन इमारतींच्या बाहेर पडलेले विटांचे तुकडे, पिंपरीच्या गल्लीतली अर्धवट फोडलेली पायरी, म्हाळुंग्याकडच्या रस्त्याची खचलेली कड. रविवारी भाजी आणायला गेल्या तरी त्यांचं लक्ष जमिनीकडे. सोमवारी आल्या आल्या म्हणायच्या, “काल एक जागा बघितली रे. इतकी वाईट आहे, इतकी वाईट आहे, की तुला दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाई.” मुलीला स्थळ आल्यासारखा आनंद असायचा चेहऱ्यावर.

एकदा चाकणच्या पलीकडे एका गावात शेताच्या बांधावर आम्ही गाडी चढवली. पुढचं एक चाक बांधावर, बाकीची खाली. पिवळी जाकिटं घालून मी आणि बाई टेप लावतोय, तेवढ्यात गावातून आठदहा माणसं तरातरा चालत आली. पुढे एक म्हातारे होते, हातात काठी.

“कुनाच्या हुकमानं मोजताय? आमी सह्या दिल्याल्या न्हाईत.”

त्या पट्ट्यात टेप घेऊन कुणी शेतात उतरलं की रस्त्याला नाहीतर कारखान्याला जमीन जाते, हे सगळ्यांनी भोगलेलं. मी गाडीआड सरकलो. बाईंनी टेप गुंडाळली.

“मामा, जमीन नाई मोजत. गाडी मोजतेय.”

“गाडी मोजाया आमच्या बांधावं?”

“कंपनीतली जमीन सपाट आहे हो. असला बांध तिथं कुठनं आणू?”

“येड्यात काडती का काय ही बाई,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “नाई पटलं तर टेप तुमच्याकडं ठेवून घ्या.” आणि आपली खुर्ची त्यांनी म्हाताऱ्यांना दिली. म्हातारे बसले म्हणून बाकीचे बसले. कुणी तंबाखू काढली. बाईंनी कुणाच्या शेतात काय आहे ते विचारायला सुरुवात केली आणि कांद्याच्या रोपावर पडलेल्या रोगापर्यंत गोष्ट आली, तेव्हा गाडीने सुस्कारा सोडला आणि ती खाली बसली.

“आयला! बसली!” एक जण ओरडला.

पुन्हा दाखवा म्हणाले. बाईंनी मला इंजिन सुरू करायला लावलं. पंप घुरघुरला आणि गाडी आधी मागून उचलली गेली, मग पुढून. म्हातारे काठी टेकून उठले. “व्हय की! गाय उठती तशीच उठली राव. आदी मागचं पाय, मंग म्होरचं.”

बाईंचे डोळे चमकले. “बैल पण तसाच उठतो?”

“गाय, बैल, म्हस, समदी तशीच. घोडं तेवढं म्होरनं उठतं.”

त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा गाडीच्या मागच्या बाजूला कांद्याचं एक पोतं होतं, आणि बाईंकडे दोन नवीन शब्द. तिथून पुढे आमच्या विभागात गाडी ‘गाय’ उठायची नाहीतर ‘घोडं’ उठायची. एका सकाळी बाई आवारात पाऊल टाकताच म्हणाल्या, “आज घोडं उठलं रे. मागची पिशवी बघा.” बघितलं तर पिशवीला बारीक भोक पडलेलं.

उभ्या गाडीचं हे वेड त्यांना आलं कुठून, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची, आणि निम्मी आमच्या ताटात जायची. त्या म्हणाल्या, “आमचे दादा एसटीवर ड्रायव्हर होते. गाडी थांबवली की उतरून आधी चाकाला दगड लावायचे. उतार असो नसो. कंडक्टर चिडायचा, प्रवासी हसायचे. मी लहानपणी विचारलं, सपाट जमिनीवर कशाला लावता? तर म्हणाले, गाडी थांबली की तिचं काम संपतं, आपलं नाई संपत.” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “एवढंच शिकवलं त्यांनी. बाकी सगळं कॉलेजात शिकले.”

गाडी बाजारात यायचे दिवस जवळ आले. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, बाईंची तेवढी सही राहिली होती. त्या सुमारास ताथवड्यात एका बांधकामाशेजारी आम्ही गाडी उभी केली होती. ऊन मी म्हणत होतं. एक भुरी कुत्री येऊन गाडीखालच्या सावलीत आडवी झाली. बाईंनी तिला हुसकायला छत्री मिटली, आणि नेमकी त्याच वेळी गाडी जागी झाली. सुस्स झालं. कुत्री कळवळली, पोटावर सरपटत कशीबशी बाहेर आली, अंग झटकून पळून गेली. तिला काही झालं नव्हतं. पण बाई छत्री हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, “मी सही करणार नाई.”

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. भला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. ते म्हणाले, “बाई, तिकडे इतकी वर्षं हीच पद्धत चालली आहे. एक तक्रार नाही.”

“तिकडं गाडीखाली कोण झोपतं, साहेब?”

“मग काय करायचं म्हणता?”

“माणूस गाडीजवळ आहे तोवर तिला काय सारखं व्हायचं ते होऊ दे. तो गेला की हलायचं नाई. आहे तशी राहू दे.”

“वाकडी? एवढी महागाची गाडी सकाळी दारात वाकडी दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“माणसं नाईत का वाकडी उभी राहत?” बाई म्हणाल्या.

आम्ही हसलो, पण साहेब हसले नाहीत. त्यांच्यावरही वरून दडपण होतं. त्यांनी सांगून टाकलं की सही दुसऱ्याची घेता येईल आणि बाईंना सुट्या भागांच्या विभागात जावं लागेल. बाई म्हणाल्या, “घ्या की. पण ज्याची घ्याल त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवा.” मग तो आठवडा अवघड गेला. जेवायच्या वेळी पूर्वी बाईंभोवती गर्दी असायची. आता लोकांना अचानक कामं निघायला लागली. बाई मात्र रोजच्यासारखी चटणी जास्तच आणायच्या. मी आणि आणखी एक जण तिखटाने डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती संपवायचो.

शेवटी साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बसतो. एकदाच काय ते बघून टाकू.

मे महिना होता. चाकणच्या माळावर मुरमाच्या उतारावर गाडी उभी केली. बाईंनी नेहमीप्रमाणे वाकून खाली बघितलं, जागा मोकळी होती. मग त्या पलीकडच्या चाकाशी उंची मोजायला गेल्या आणि मी छत्र्या उघडत होतो. साहेबांनी आपला डबा हातात घेऊन इकडेतिकडे बघितलं. माळावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. सावली म्हणून जी काही होती ती गाडीखाली. त्यांनी कुणीही शहाणा माणूस करील तेच केलं. स्टीलचा उभा, चार पुडांचा डबा अलगद गाडीखाली सरकवून ठेवला आणि येऊन खुर्चीवर बसले.

आम्ही बसलो. साहेबांनी घाम पुसला. तिकडच्या उन्हाबद्दल आणि इथल्या उन्हाबद्दल काही बोलले. आणि गाडीने सुस्कारा सोडला.

आधी एक बारीक ‘कट्’ झालं. मग लांबलचक, दुःखी असा आवाज आला. मग गाडीखालून पिवळा ओघळ निघाला आणि मुरमातून वाट काढत साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत आला.

बाईंनी अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, “साहेब, डब्यात काय होतं?”

“आमरस,” साहेब म्हणाले.

बाईंना पहिली शिंक आली. त्यांनी पदर तोंडाला लावला. दुसरी आली. मग त्या जे हसायला लागल्या, ते खुर्ची धरून, डोळे पुसत, पुन्हा ओघळाकडे बघून पुन्हा हसत. मी साहेबांकडे बघायचं टाळत होतो. तर साहेबही हसत होते. आधी नाकाने, मग मोठ्याने. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कुणी ते दृश्य बघितलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर साहेब खाली वाकले. चपटा झालेला डबा गाडीच्या पोटाखाली अडकला होता. बराच वेळ ते वाकूनच बघत होते. मग उठून हात झटकत म्हणाले, “माझा नातू परवा चेंडू काढायला असाच...” आणि वाक्य तिथेच सोडलं.

बाईंनी आपला डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. “तिखट आहे. सावकाश खा.”

गाडीचा मेंदू बदलायला वेळ लागला आणि ती बाजारात थोडी उशिरा आली. मालक उतरून गेला की ती आता हलत नाही. धोंड्यावर असली तर वाकडीच उभी राहते. साहेबांनी स्वतः एक घेतली. त्यांच्या सोसायटीत कुणी म्हणालं की तुमची गाडी तिरपी दिसते, तर साहेब म्हणायचे, “तिरपीच आहे ती.” बाईंनी तो डबा बघूनही मुद्दाम काढला नव्हता का, यावर आमच्या विभागात आजही दोन तट आहेत. मी एकदा सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “आमरस आहे हे माहीत असतं तर नक्की काढला असता.”

त्यानंतर वर्षभरात एका सकाळी बाईंनी आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एकेक लग्नपत्रिका ठेवली. आम्हाला वाटलं भाचीची वगैरे असेल. उघडली तर वधू म्हणून बाईंचंच नाव. खोलीत अशी शांतता पसरली की शेजारच्या खोलीतले डोकावून गेले.

“काय झालं?” बाई म्हणाल्या. “बायका लग्न करत नाईत का?”

नवरदेव उदगीरचे. बी-बियाण्यांचं दुकान, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नांदायला गेलेली. बाईंच्या थोरल्या भावाचे लहानपणापासूनचे मित्र. इतकी वर्षं दर दिवाळीला त्यांच्याकडे बाईंचं फराळाला जाणं व्हायचं, एवढंच. या दिवाळीला ते म्हणाले होते, “आता जाऊ नको.” बाईंनी आम्हाला ते सांगितलं आणि कॉलेजातल्या मुलीसारख्या खाली बघून रिळाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. त्या नोकरी सोडून उदगीरला जाणार होत्या. आम्ही पेढे मागितले, चिडवलं, आरडाओरडा केला. नंतर आम्ही चहाच्या टपरीवर गेलो. रोज एवढा वेळ शेजारी बसून आम्ही एकमेकांना किती कमी विचारलं होतं, असं मला वाटून गेलं.

लग्नाला आमचा अख्खा विभाग उदगीरला गेला. साहेब स्वतःची गाडी चालवत गेले आणि मी त्यांच्याबरोबर. मांडवात बाई मोरपंखी साडीत उभ्या होत्या, पायात चक्क नाजूक चपला. आम्हाला बघून त्यांना दोन शिंका आल्या. नवरदेव गोलमटोल, हसरे. प्रत्येकाला हाताला धरून पंगतीला बसवत होते, आणि “पोटभर जेवा, रात्रीचा हिशोब धरू नका” म्हणत होते. बाईंनी आमच्यापैकी एकालाही कामाचं बोलू दिलं नाही. बॅण्ड लागला तेव्हा त्या भावजयांबरोबर नाचल्या, आणि चांगल्या नाचल्या.

वरातीसाठी ठरवलेली मोटार ऐन वेळी आली नाही. भावाची धांदल उडाली. तेव्हा साहेबांनी खिशातून किल्ली काढली. “आमची आहे की. मी चालवतो.”

बाईंच्या भाच्यांनी धावत जाऊन गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. मी मागचं दार उघडलं. बाई दाराशी आल्या आणि क्षणभर थांबल्या.

“एक सांगू?” हळूच म्हणाल्या. “मी मागं कधी बसलेच नाई रे हिच्यात.”

“बसा की मग.”

त्या बसल्या. आधी कडेला, मग टेकून, मग चांगल्या ऐसपैस. शेजारी नवरदेव बसले. काच खाली करून बाईंनी हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावर टेकवला. “येते रे. जेवत जा वेळेवर.” मला काहीतरी बोलायचं होतं, पण बॅण्डवाले इतक्या जोरात वाजवत होते की न बोलूनही भागलं.

साहेबांनी इंजिन सुरू केलं. गाडी मागून उचलली, मग पुढून. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग ती चालू लागली; उदगीरच्या त्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावरून, माळा हलवत, संथपणे, बॅण्डच्या मागोमाग. आम्ही मांडवाच्या तोंडाशी उभे राहून बघत होतो. वळणावर बाईंचा हिरव्या चुड्याचा हात एकदा बाहेर आला आणि आत गेला. ती गाडी मी शेकडो वेळा तपासली होती, पण तिच्यात बसून कुणीतरी आपल्या घरी चाललंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.